डिप्लोमानंतर मिळालेली नोकरी धरू की आधी बीई करू?

नोकरी धरा. काम करता करता जे डोक्यात बसतं ते वर्गात बसत नाही.

कॉम्प्युटर डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, छोट्या कंपनीची ऑफर आणि घरच्यांचं 'आधी बीई हो', असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे हे दाजी म्हणायचे, स्वतः बीई. मी ऐकलं नाही.

आमची कंपनी पतसंस्थांना सॉफ्टवेअर द्यायची, व्हीबी सिक्स ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि अ‍ॅक्सेस हा डेटाबेस, त्यांतलं. २००८ चा मार्चअखेर, रात्रीचे साडेदहा, बार्शीकडची एक संस्था, आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा, तीन रुपये वीस पैशांनी चुकलेली. हसू नका, तेरीज जुळेपर्यंत मॅनेजर कुणाला घरी सोडत नाही. सोबतचे दोघे बीई व्याजाचं सूत्र धरून बसले. लीप वर्ष, म्हणजे भागाकार ३६५ ने की ३६६ ने? मी दोन शाखांचे आकडे शेजारी ठेवले. छोट्या शाखेची तेरीज पैशासकट जुळत होती. सूत्र चुकलं असतं तर तिथेही बोंब असती. मग आठवलं, सुट्टीत एका आडत दुकानात हिशेब टाइप करायचो, तिथेही बेरीज काही लाखांवर गेली की दशांशातले पैसे उडायचे. कोड उघडला. एकूण ठेवींचा आकडा ठेवायचं व्हेरिएबल 'सिंगल' प्रकारचं! त्यात जेमतेम सात अंकांचा भरवसा, आणि २३,४५,६७८.९० मध्ये अंक नऊ. रकमांसाठीचा 'करन्सी' प्रकार केला, बेरजा पुन्हा चालवल्या, सव्वाबाराला जुळली. कॅशियरने गारढोण वडापाव पुढे केला. तसा वडापाव परत खाल्ला नाही.

जूनमध्ये सीनियर झाले ते दोघे. 'पॉलिसीत बीई लिहिलंय,' साहेब म्हणाले.

खोटं कशाला बोलू, सातच अंक का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांच्यातल्याच एकाने दुसऱ्या दिवशी टपरीवर पाकिटाच्या पाठीवर ३२ बिट काढून दाखवले: चिन्हाचा १, घातांकाचे ८, उरलेले २३ आकड्यातल्या अंकांचे, म्हणून सातच. ते त्याला कॉलेजात शिकवलं होतं.

आणि हो, बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पसला दहावीपासून ६० टक्के आणि डिग्री लागते. अमेरिकेत नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाला डिग्री किंवा तिच्या बरोबरीचं काही दाखवावं लागतं, तिथे तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष असा हिशेब धरतात. बाहेर जायचं मनात असेल तर आत्ताच थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्या. नसेल तर नोकरी करत मुक्त विद्यापीठातून डिग्री करा. मी तेच केलं, पण दाजींना तीन वर्षं कळू दिलं नाही.

मागच्या दिवाळीत त्यांचा मुलगा, बीई, चांगला पॉइंटर, विचारत होता, "मामा, तुमच्याकडे इंटर्नशिप मिळेल का?" दाजी समोरच पेपर वाचत होते. बराच वेळ एकच पान.