विशेष मुलीच्या हातातला मोबाइल काढून घेऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी १५ वर्षांची आहे, सौम्य बौद्धिक अक्षमता आहे, आणि कुणी अनोळखी माणूस तिला रोज मेसेज करून फोटो मागतोय हे तुम्हाला परवा कळलं. मी विशेष शिक्षिका आहे, १७ वर्षं अशाच मुलांच्या वर्गावर आहे. मोबाइल काढून घेऊ नका.

त्या माणसाचा सगळा डाव मोबाइल जाईल या भीतीवरच चालतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला तिचं चॅट दाखवलं होतं. तीन आठवडे नुसती गुड मॉर्निंगची फुलं आणि ‘जेवलीस का?’. या मुलांची एवढी विचारपूस रोज कोण करतं हो? गल्लीतली पोरं खेळायलासुद्धा घेत नाहीत. मग एक दिवस मेसेज : ‘आईला सांगू नको, ती मोबाइल काढून घेईल.’ त्यानंतर दोनच दिवसांनी फोटोची मागणी. तिने मला ते दाखवलं ते तक्रार म्हणून नव्हे, ‘माझा मित्र’ म्हणून, कौतुकाने. तुम्ही मोबाइल काढलात की तो म्हणाला तेच खरं ठरतं.

आज एवढं करा. ‘तुझं काही चुकलं नाही’ हे तिला आधी सांगा, दिवसातून चार वेळा सांगा. चॅट पुसू नका. तारीख, वेळ, प्रोफाइल दिसेल असे मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या आणि मग ब्लॉक करा. त्याला शिव्या घालायला जाऊ नका, तो खातं बंद करून पसार होईल. तिने फोटो पाठवलाच असेल तर ‘पुरावा’ म्हणून मामा-काकांना फॉरवर्ड करू नका. मुलांचे असे फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फोनच पोलिसांना दाखवा. ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवा आहे, तिच्यात फोटो तुमच्या फोनबाहेर न जाता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी ॲप्सवर तो फोटो रोखता येतो.

तक्रारीसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे, सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे, पोलीस ठाणं आहे. ‘प्रत्यक्ष तर काही झालं नाही ना?’ असं कुणी म्हणालं तर परत फिरू नका. लैंगिक हेतूने मुलाशी इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणं २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्येच आहे. जबाब तुमच्या घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, आणि अपंगत्व असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद आहे. ती आवर्जून मागा. मी एकदा अशी बसले होते. ‘कधी?’ या प्रश्नावर मुलगी गप्प, तिला तारीख-वार कळत नाहीत. त्या दिवशी घरी काय काय झालं ते सांग म्हटल्यावर म्हणाली, ‘बाप्पा आला. मोदक खाल्ले. मग फोन वाजला.’ दिवस सापडला.

आता मला पोटतिडकीने सांगायचंय ते. या मुलांना आपण सगळे मिळून फक्त ऐकायला शिकवतो. हात पुढे कर, काकांना पापी दे, बाई सांगतील तसं कर. माझ्याकडे १३ वर्षांचा, न बोलणारा एक मुलगा आला, गळ्यात चित्रकार्डांची वही. पाणी, भूक, झोका, टीव्ही, अशी चाळीसेक चित्रं. ‘नको’ नव्हतं. ‘थांब’ नव्हतं. शरीराच्या खाजगी भागांची चित्रं नव्हती. त्याला कुणी त्रास दिला असता तर त्याने सांगितलं कशाने असतं? ती कार्डं मी त्याच रात्री काढली.

‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हे तुमच्या मुलीला कळणार नाही. तीन आठवडे जेवलीस का विचारणारा तिच्या लेखी ओळखीचाच असतो. तिला दोनच नियम द्या. कपड्यांशिवायचा फोटो कुणालाच नाही, मित्राला नाही, काकांना नाही. आणि ‘आईला सांगू नको’ असं जो म्हणेल, त्याचं आधी आईला सांगायचं. मग तिला सांगून, दुसऱ्या फोनवरून तुम्हीच तिला ‘फोटो पाठव, आईला सांगू नको’ असा मेसेज टाका. ती फोन घेऊन तुमच्याकडे आली की शाबासकी द्या आणि फोन लगेच तिच्या हातात परत द्या. हे परत देणं विसरू नका. एकदोनदा करून भागत नाही. आमच्या त्या मुलीला रोज करून दीड महिना लागला.