बंदुकीआधी डोकं

प्रश्न : वडिलांबरोबर 'गनस्मोक' या अमेरिकी टीव्ही मालिकेचा जुना भाग पाहिला. त्यातला मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन दरोडेखोरांना बोलण्यात गुंतवून पकडतो. खरे मार्शल असेच होते का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मलाही असेच भाग आवडतात! मालिका १९५५ ते १९७५ चालली, ६३५ भाग, आणि डिलनच्या भूमिकेत शेवटपर्यंत जेम्स आर्नेसच. मालिका जिथे घडते ते अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं डॉज सिटी मात्र खरंखुरं गाव. टेक्सासहून कळप हाकत आलेले गुराखी तिथे दारू पिऊन दंगा करत, म्हणून १८७०च्या दशकात गावात बंदूक बाळगायला बंदी आली. आधी हत्यार काढून घ्यायचं, भांडण नंतर! त्याला डोकंच लागतं. डिलनचा हात कमरेशी थबकतो, तेव्हा टिळक रस्त्यावरच्या माझ्या खोलीत हातातला चहा निवतो, तरी नजर हलत नाही.