बी.कॉम. झालंय, आता शाळेत चित्रकला शिकवायची आहे

प्रश्न : मी सिंहगड रस्त्याला राहते, यंदा बी.कॉम. झाले. शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती. सोसायटीतल्या मुलांचा शनिवार-रविवारी चित्रकलेचा वर्ग घेते. मला शाळेत कलाशिक्षिका व्हायचंय. बाबा म्हणतात, आधी बी.एड. करून ठेव, कधीही उपयोगी पडेल. मैत्रीण म्हणते, पुन्हा चार वर्षांचं बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी, करावी लागेल. एका ठिकाणी तीन महिन्यांत ‘आर्ट टीचर’चं सर्टिफिकेट मिळतं असंही कळलं. मी काय करू?

उत्तर : बाबांचा सल्ला काळजीपोटी आलाय, पण चित्रकलेच्या जागेसाठी तो कामाचा नाही. बी.एड.मध्ये तुला शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती घ्याव्या लागतात आणि त्या पदवीला कुठले विषय होते यावर ठरतात. तू बी.कॉम. म्हणजे वाट वाणिज्याकडेच वळणार. सीईटी, त्यानंतर दोन वर्षं, पाठ-टाचणं, इंटर्नशिप, एवढं सगळं करून चित्रकलेच्या जागेला अर्ज केलास, की कागद तपासणारा क्लार्कच विचारेल, ‘कलेची पदविका कुठाय?’

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी 1981ची सेवाशर्ती नियमावली आहे. तिच्या परिशिष्टात कुठल्या शिक्षकाला कुठली अर्हता लागते ते दिलंय आणि चित्रकला शिक्षकाचा विचार तिथे वेगळा केलेला आहे. शाळांच्या जाहिरातींत ए.टी.डी., ए.एम., जी.डी. आर्ट, डिप. ए.एड., बी.एफ.ए. अशी अक्षरं दिसतात ती त्यामुळेच. यातलं तुझ्यासाठी सगळ्यात जवळचं आहे ए.टी.डी., म्हणजे कला शिक्षक पदविका. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. प्रवेशाला पदवी लागत नाही, बारावीवर होतो. तुझी पदवी वाया गेली असं मात्र समजू नकोस. पदवीधर कलाशिक्षिका पालकसभेत, अहवालात आणि पुढे बढतीच्या वेळी थोडी पुढेच असते. इंटरमिजिएटचं मूळ प्रमाणपत्र शोधून ठेव. आईने ते कुठल्या तरी जुन्या फाइलीत घालून माळ्यावर टाकलेलं असतं.

हे अभ्यासक्रम राज्याच्या कला संचालनालयाच्या कक्षेत येतात. त्यामुळे संस्थेत गेलीस की पहिला प्रश्न मान्यतेचा विचार. पुण्यात टिळक रस्त्यावर अभिनव कला महाविद्यालय आहे, तुझ्या बाजूने धनकवडीला भारती विद्यापीठाचं ललित कला महाविद्यालय आहे. यंदा कुठे कोणता अभ्यासक्रम चालू आहे, जागा किती, फी किती, हे वेबसाइटवर वाचण्यापेक्षा ऑफिसात उभं राहून विचारलेलं बरं. जाताना सध्या शिकणाऱ्या एखाद्या मुलीला गाठ. पाठ घ्यायला कुठल्या शाळांत पाठवतात आणि तिथे खरंच वर्ग मिळतो का, हे तीच सांगेल.

तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटचा विषय इथेच संपव. छंदवर्गाच्या दारावर लावायला ते चालेल, शाळेच्या नेमणुकीला त्याचा उपयोग नाही.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. केंद्रीय विद्यालयात किंवा नवोदयमध्ये जायचं मनात असेल, तर तिथे कलाशिक्षकाला चार-पाच वर्षांची ललित कलेची पदवी किंवा पदविका मागतात. ए.टी.डी.वर तिथलं दार उघडत नाही. बी.एफ.ए.ला वेगळी सीईटी असते आणि त्यानंतर चार वर्षं. घरची तयारी असेल आणि तुला स्वतःलाही चित्रकार म्हणून वाढायचं असेल, तर जरूर विचार कर. पण तुझ्या पत्रात सगळी ओढ मुलांना शिकवण्याची दिसते, स्वतःच्या कॅनव्हासबद्दल एक ओळही नाही. म्हणून मी तुला ए.टी.डी. सुचवते.

टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सांगेलच, म्हणून लिहिते. राज्याच्या टीईटीत किंवा केंद्राच्या सीटीईटीत चित्रकलेचा पेपर नसतो. सहावी ते आठवीच्या पेपरमध्ये गणित-विज्ञान नाहीतर सामाजिक शास्त्र निवडावं लागतं. क्लासला पैसे भरण्याआधी ज्या जागेवर डोळा आहे तिची जाहिरात दोनदा वाच.

आता नोकरीचं. अनुदानित शाळांतल्या कायम जागा मोजक्या आहेत, हे तुला आणि बाबांना आधीच माहीत असलेलं चांगलं. किती शिक्षक मिळणार हे संच मान्यतेत, म्हणजे सरकार शाळेची पदं मंजूर करतं तेव्हा, विद्यार्थीसंख्येवर ठरतं आणि कात्री लागली की चित्रकलेच्या जागेवर आधी लागते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला, पट शंभरच्या वर असेल तिथे, कलाशिक्षणासाठी माणूस द्यायला सांगितलंय, पण अंशकालीन. म्हणजे मानधन. कला महत्त्वाची म्हणून भाषणं करायची आणि शिकवणाऱ्याला अर्धवेळ ठेवायचं, हा आपला जुना खाक्या आहे. त्यावर रुसून बसण्यात अर्थ नाही, पण फसूही नकोस.

पुण्यात जास्त हालचाल खासगी शाळांत आहे. बाणेर, वाकड, खराडी, उंड्री या पट्ट्यात सीबीएसईच्या भरपूर शाळा आहेत आणि त्या बोर्डाने 2019मध्ये पहिली ते बारावी आठवड्याला किमान दोन तास कलेला ठेवायला सांगितलेत. मुलाखतीत पगार विचारायला लाजू नकोस. उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का, हेही विचार. स्नेहसंमेलनाचं नेपथ्य, फलकलेखन आणि सगळ्या भिंतींची सजावट कलाशिक्षकाच्याच गळ्यात पडते. ती कामं तासांत धरतात की शाळा सुटल्यावर, हे तिथेच स्पष्ट करून घे.

मराठी माध्यमाच्या शाळांना आणखी एक गोष्ट हवी असते : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेणारी बाई. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7, बीला 5 आणि सीला 3 वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही मागे लागतात. तुझी ए ग्रेड जुनी झाली. स्थिरचित्र आणि स्मरणचित्र तुला आजही जमत असेल, पण कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन? बी.कॉम.च्या तीन वर्षांत कंपासपेटीला हात लागला नसणार. अप्पा बळवंत चौकातून जुने पेपर आण आणि घड्याळ लावून सोडव.

मुलाखतीच्या वेळी वर्गावर घ्यायला लावतात त्या प्रात्यक्षिक पाठाची तयारी मात्र आत्तापासून कर, कारण निवड तिथेच होते. सोसायटीतली दहा-बारा मुलं आणि शाळेतली पन्नास मुलं यात फार फरक आहे. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं वह्या काढण्यात आणि ‘बाई, माझ्याकडे ब्रश नाही’ यात जातात. रंगकाम दिलंस तर नळाकडे रांग लागते आणि शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहतात. म्हणून पाठासाठी पेन्सिल आणि तेलखडू पुरतील असाच विषय घे.

विषय दिल्यावर निम्मा वर्ग काय काढेल ते सांगते : दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी, आकाशात चार पक्षी. सिंहगड रस्त्यावरची मुलंसुद्धा हेच काढतात, आणि गच्चीवरून त्यांना रोज सिंहगड दिसतो! अशा वेळी चित्र खोडायला लावू नकोस. ‘गडावर तो उंच टॉवर आहे ना, तो कुठल्या बाजूला येईल?’ एवढंच विचार. मूल थांबतं, डोळे मिटून आठवतं आणि पहिला डोंगर जरा वेगळा काढतं. परीक्षक मागच्या बाकावर बसून हेच बघत असतात, की तू फळ्यावर सुंदर चित्र काढून दाखवलंस की मुलांना बघायला लावलंस.

बाबांना सांग, दोन वर्षं बी.एड.लाही जाणारच होती. ए.टी.डी.च्या काळात शनिवार-रविवारचा वर्ग बंद करू नकोस, रंग-कागदाचा खर्च त्यातून निघेल. आणि त्या मुलांच्या चित्रांचे फोटो तारीख, वय आणि दिलेला विषय लिहून आजपासून जपून ठेव. एकाच मुलाची वर्षभरातली चित्रं ओळीने लावलेली फाइल मुलाखतीला घेऊन जा. मूळ चित्रं मात्र ज्याची त्याला घरी नेऊ दे.