‘ओपीडी’ म्हणून नाकारलेलं बिल आणि पगारपत्रकात नसलेले १४२ रुपये

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आम्ही चाळीसेक कामगार आहोत, माझा पगार १८,९००. गेल्या वर्षी कामावर मैत्रिणीशी बोलताना जोरात हसले आणि एकदम गुडघ्यातली ताकद गेली. पडले, डोक्याला टाके पडले, तीन दिवस ॲडमिट होते. घरी सोडल्यावर बाराव्या दिवशी झोपेची तपासणी केली, त्यात नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार निघाला. आता सकाळी मोडाफिनिल आणि दिवसातून दोनदा मिथाइलफेनिडेट चालू आहे, महिन्याला साडेतीन हजार लागतात. कारखान्याच्या ग्रुप मेडिक्लेमनं हॉस्पिटलचं बिल दिलं. पण तपासणीचे २१,५०० आणि दोन महिन्यांच्या औषधांचे ७,००० ‘हा ओपीडी खर्च आहे, शिवाय एक्सक्लुजन ०४ लागू’ असं लिहून नाकारले. त्या पत्राला पाच महिने झाले. शेजारचे काका म्हणतात, मानसिक आरोग्याच्या कायद्यानं विमा कंपनीला गोळ्यांचे पैसे द्यावेच लागतात. भाऊ अमेरिकेत आहे, तो त्याच्याकडच्या ॲडरॉलच्या गोळ्या पार्सलनं पाठवतो म्हणतो. सध्या मी गोळी अर्धी करून घेते. काय करू?

उत्तर: ताई, हे वाचून झालं की सगळ्यात आधी भावाला फोन करा आणि ते पार्सल थांबवा. बाकीचं उद्या केलंत तरी चालेल.

ॲडरॉल म्हणजे ॲम्फेटामिन हे उत्तेजक औषध. आपल्याकडे ते १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या यादीत आहे. परवानगीशिवाय ते परदेशातून मागवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग पाठवणारा सख्खा भाऊ असो आणि मागवणारी खरोखर आजारी असो. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथे कामाला येत नाही, कारण तिच्यावर हे औषधच नाही. ॲम्फेटामिनचं ‘अल्प प्रमाण’ २ ग्रॅमपर्यंत धरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात स्पष्ट केलं की वजन मोजताना फक्त शुद्ध अमली द्रव्य नव्हे, त्यात मिसळलेलं सगळं धरायचं. म्हणजे गोळीतली पावडरसुद्धा वजनात आली. साठ गोळ्यांची बाटली २ ग्रॅमच्या सहज पुढे जाते, आणि मग शिक्षा एक वर्षापर्यंतची राहत नाही, दहा वर्षांपर्यंत जाते. स्वतःच्या नावावरचं हे औषध दुसऱ्याला देणं तिकडेही गुन्हाच आहे. भावाची माया मला कळते. त्याला सांगा, गोळ्या नको, पैसे पाठव.

तुमचं मिथाइलफेनिडेटही याच कायद्याच्या यादीत आहे, पण म्हणून घाबरू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवायला नियमांची मुभा आहे. दीर्घकाळ घ्यायचं आहे असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर खास नमूद केलं, तर ३०० पर्यंत. तुम्हाला महिन्याला साठ लागतात. त्यामुळे चिठ्ठीवर ‘दीर्घकालीन उपचार’ हे शब्द लिहून घ्या, म्हणजे दर महिन्याला त्यासाठी खाडा करावा लागणार नाही. चिठ्ठी आणि पक्कं बिल गोळ्यांबरोबर पर्समध्ये ठेवत जा.

आता विमा. काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण तुमच्या कामाचं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराच्या उपचारासाठी विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यायला हवा. ‘त्याच धर्तीवर’ हे शब्द महत्त्वाचे. तुमच्या पॉलिसीत मधुमेहाच्या गोळ्यांनाही पैसे मिळत नसतील, तर या कलमानं इतर गोळ्यांनाही मिळत नाहीत. शिवाय नार्कोलेप्सी हा मेंदूशी संबंधित झोपेचा आजार आहे, मानसिक आजार नव्हे. या कलमाच्या आधारावर भांडायला गेलात तर पहिल्याच उत्तरात विमा कंपनी तुम्हाला गप्प करेल आणि चांगला मुद्दा मागे पडेल.

(ज्यांच्या मुलांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार आहे आणि हेच मिथाइलफेनिडेट चालू आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्याच कायद्याचं कलम १८(१०) म्हणतं की सरकारनं अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक यादीतली औषधं मानसिक आजार असलेल्यांना सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळाली पाहिजेत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या रुग्णालयांत. जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून यादी आणि साठा दोन्ही मागा. तोंडी विचारलं की ‘नाही’ म्हणणं सोपं असतं.)

तुमचा चांगला मुद्दा तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या सातव्या पानावर आहे. तिथे ‘हॉस्पिटलनंतरचा खर्च, ६० दिवस’ असं कलम आहे. ज्या आजारासाठी दाखल झालात त्याच आजारावर घरी आल्यानंतर झालेला खर्च, असा त्याचा अर्थ. घरी आल्यानंतरचा खर्च ओपीडीतच होणार, तो दुसरीकडे कुठे होणार? ‘हा ओपीडी खर्च आहे’ म्हणून तो नाकारायचा, तर ते कलम छापलंच कशाला? पॉलिसीची भाषा संदिग्ध असेल तर संशयाचा फायदा विमाधारकाला द्यायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा मानलं आहे. इथे तर मला संदिग्धताही दिसत नाही.

एक्सक्लुजन ०४ सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत सारखंच असतं. केवळ तपासणी आणि निदान करण्यासाठी कुणी दाखल झालं, तर तो खर्च त्यात वगळलेला असतो. तुम्ही डोकं फुटून, टाके घालायला दाखल झालात. तपासणीसाठी दाखल झालेलाच नाही, ती नंतर बाहेरून केलीत. हे वगळणं तुमच्या बिलाला लागू करता येत नाही.

कच्चा दुवा एकच आहे. विमा कंपनी म्हणेल, दाखल झाल्या जखमेसाठी, औषधं झोपेच्या आजाराची, मग आजार तोच कसा? म्हणून डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. मी फोटो मोठा करून वाचला. तिसऱ्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलंय की हसल्यावर अचानक स्नायूंची ताकद जाऊन रुग्ण पडली, आणि शेवटच्या सल्ल्यात झोपेची तपासणी करायला सांगितलंय. हे दोन दुवे सोन्यासारखे आहेत. पडणं हे नार्कोलेप्सीचं लक्षण होतं, आणि त्याचा शोध हॉस्पिटलमध्येच सुरू झाला. डॉक्टरांकडून एवढंच खरं असलेलं एक पानी प्रमाणपत्र घ्या. कार्डातली नोंद ‘सुधारून’ घ्यायला मात्र कुणी सुचवलं तर ऐकू नका. खाडाखोड केलेलं कार्ड समोर आलं की चांगली केस बुडते.

आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, ईमेलनं आणि पोस्टानंही. बिलं, कार्ड, प्रमाणपत्र आणि नकाराचं पत्र जोडा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. ग्रुप पॉलिसीतल्या व्यक्तीलाही तिथे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलाला तिथे उभंही राहता येत नाही. त्यामुळे पैसे घेऊन ‘मी लोकपालाकडे लढतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. लोकपालाची मुदत तुमच्या या लेखी तक्रारीवर नकार आल्यापासून, किंवा उत्तराविना महिना संपल्यापासून, एक वर्षाची. पण पहिल्या पत्राला पाच महिने झालेत, आणखी उशीर नको. ग्राहक आयोगाची दोन वर्षं. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका.

हे सगळं जिंकलात तरी २८,५०० रुपये एकदाच मिळतील. साठ दिवसांनंतरच्या गोळ्यांचं काय? दाखल झाल्याशिवाय पैसे न देणाऱ्या पॉलिसीकडून ते कधीच मिळणार नाहीत. ही औषधं तुम्हाला अनेक वर्षं लागणार आहेत, म्हणून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तुमचं पगारपत्रक मी दोनदा वाचलं. भविष्यनिर्वाह निधीची कपात आहे, पण ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची, ओळच नाही. तुम्ही लिहिलंय की मॅनेजर म्हणाले, ‘आपण मेडिक्लेम दिलाय ना, मग ईएसआय कशाला?’ कायद्यात हे बसत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेला कारखाना आणि महिना २१,००० पर्यंतचा पगार, या दोन गोष्टी जुळल्या की राज्य कामगार विमा सक्तीचा होतो. आधी तो १९४८ च्या कायद्यात होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आला. खासगी मेडिक्लेम हा जास्तीचा लाभ म्हणून द्या हवा तर, पण मालकाला तो ईएसआयच्या जागी ठेवता येत नाही.

तुमच्या पगाराच्या पाऊण टक्का म्हणजे १४२ रुपये तुमचे, आणि सव्वातीन टक्के म्हणजे ६१५ रुपये मालकाचे. मालकाला आपला वाटा तुमच्याकडून कापता येत नाही. या १४२ रुपयांत जे मिळतं ते तुमच्या मेडिक्लेममध्ये नाही: दवाखान्यातली तपासणी, तज्ज्ञांचा सल्ला, आणि रोजची औषधं, दाखल न होता. नोंदणी झाल्याच्या दिवसापासून. तुमच्यावर अवलंबून असलेली आईही त्यात येईल. सातपूरला तर या योजनेचं रुग्णालयच आहे.

तिथे तुमची दोन्ही औषधं साठ्यात असतीलच असं धरून जाऊ नका. नसतील तर स्थानिक खरेदी करून देण्याची पद्धत आहे. खिडकीवर ‘बाहेरून घ्या’ असं सांगितलं, तर केसपेपरवर तशी नोंद मागा आणि बिल जपून ठेवून परतफेडीचा अर्ज करा. हा व्याप आहे, मला माहीत आहे. सकाळची पाळी करून रांगेत उभं राहणं तुमच्या आजारात आणखीच जड जाणार. पहिल्या दोन फेऱ्यांना कुणाला तरी सोबत न्या.

मालकाकडे एकट्या जाऊ नका. चाळीस जणांपैकी बहुतेकांचा पगार २१,००० च्या आतच असेल, म्हणजे हा सगळ्यांचा प्रश्न आहे. दहा-बारा सह्यांचं साधं पत्र द्या: आमची ईएसआय नोंदणी करावी. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही, तर तेच पत्र, पगारपत्रकं आणि हजेरीकार्डाच्या प्रती घेऊन ईएसआय चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार करा. थकलेली वर्गणी मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार त्यांना आहे.

हे होईपर्यंत औषधांचा खर्च थोडा खाली आणता येईल. डॉक्टरांना पैशाचं स्पष्ट सांगा आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. कारण असं की, चिठ्ठीवर ब्रँड असेल तर केमिस्टला त्याच औषधाचा दुसरा, स्वस्त ब्रँड देता येत नाही, औषध नियमांतच तशी मनाई आहे. मूळ नाव लिहिलं की स्वस्तातला स्वस्त मागायला तुम्ही मोकळ्या. जनऔषधीच्या ॲपवर तेच नाव टाकून बघा. हातात पैसे कमी असतील तर पूर्ण पाकीट घ्यायची सक्ती नाही. सुट्या गोळ्या त्याच हिशेबानं मिळाल्या पाहिजेत, चढ्या दरानं नाही. छापील किमतीच्या वर मागितले तर बिल घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. ‘चिठ्ठी नको, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्या ऑनलाइन दुकानातून मात्र काहीही मागवू नका.

गोळी अर्धी करण्याबद्दल. ते आजच डॉक्टरांना सांगा, लाजू नका. डोस बदलायचा तर तो त्यांनी बदलू दे. आणि तुम्ही लिहिलंय की सकाळी स्कूटीवर कामाला जाता. वाहन परवान्याच्या अर्जात ‘अचानक शुद्ध हरपण्याचे किंवा चक्कर येण्याचे झटके येतात का’ असा प्रश्न असतो. आजार कागदावर आल्यानंतर अर्ध्या गोळीवर गाडी चालवताना काही घडलं, तर अपघाताच्या दाव्यात तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल, आणि जिवाचा धोका वेगळाच. डॉक्टर लेखी ‘चालवा’ म्हणेपर्यंत मैत्रिणीच्या मागे बसून जा, नाहीतर शेअर रिक्षा करा.

विमा कंपनीला पाठवायचं पत्र आधी मराठीत लिहून काढा आणि डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह मला पाठवा. इंग्रजी मसुदा मी करून देते, त्याचे पैसे नाहीत.