१९३० च्या दशकातले विज्ञानकथा क्लबांचे सभासद आपली मासिकं घरी कशी छापत? आज तसं करून पाहता येईल का?

येईल. तेव्हा छापखान्याशिवाय दोन वाटा होत्या. थोडे पैसे असले तर मिमिओग्राफ, म्हणजे आपलं सायक्लोस्टाईल. पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेला रे ब्रॅडबरी १९३७ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लबात आला. त्याने १९३९-४० मध्ये काढलेले स्वतःच्या नियतकालिकाचे चार अंक असेच निघाले, आणि खर्चाला हात दिला तो क्लबातला जुना सभासद फॉरेस्ट ॲकरमन याने. खिसा अगदीच रिकामा असेल तर हेक्टोग्राफ, म्हणजे शाईने लिहिलेलं पान जिलेटिनच्या जेलीवर उमटवून तिच्यावरून प्रती काढणं. हा घरी जमतो.

ए-४ कागद बसेल असा सपाट ट्रे घ्या. ६० ग्रॅम साधं जिलेटिन (जेलीचं गोड पाकीट नव्हे) गार पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी न शोषलेलं पाणी ओतून टाका. ४०० ग्रॅम ग्लिसरीन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवा, त्यात जिलेटिन विरघळवा. उकळू देऊ नका, फेटू तर अजिबात नका: एकेक बुडबुडा म्हणजे छापात एकेक पांढरा ठिपका. ट्रेमध्ये ओतल्यावर वर आलेले बुडबुडे कागदाच्या पट्टीने कडेला ओढून काढा. रात्रभर हलवू नका.

शाई हवी ती ॲनिलीन नावाच्या कृत्रिम रंगाची, जांभळी. आज सोपा मार्ग म्हणजे टॅटूवाल्यांचा जांभळा स्टेन्सिल पेपर, म्हणजे जांभळा कार्बन घातलेला कागदांचा संच. इथे हमखास चूक होते. तो संच जसाच्या तसा वापरला तर अक्षरं वरच्या कागदाच्या पाठीवर उलटी उमटतात आणि छापलेली प्रतही उलटीच येते. जांभळ्या कागदाची रंगीत बाजू खाली, तिच्याखाली गुळगुळीत कोरा कागद, अशी नेहमीच्या कार्बनसारखी मांडणी करा आणि जोर देऊन लिहा. हा खालचा कागद म्हणजे मूळ पान, ते सुलटं वाचता आलं पाहिजे.

जेलीवर ओला स्पंज फिरवून पाणी टिपून घ्या. मूळ पान पालथं घालून दोन-तीन मिनिटं हाताने दाबून ठेवा, मग कोपऱ्याला धरून उचला. आता कोरा कागद ठेवा, हात फिरवा, लगेच काढा. पुढच्या प्रतींना हळूहळू जास्त वेळ द्यावा लागतो.

‘हेक्टो’ म्हणजे शंभर, पण शंभर प्रती विसरा. पन्नाशीनंतर मजकूर भुतासारखा दिसतो. डोनाल्ड वोलहाइम या अमेरिकन विज्ञानकथा-चाहत्याने १९३७ मध्ये चाहत्यांची हौशी प्रकाशन संघटना काढली, तिची सभासदसंख्या आधी ५० वर अडवली होती ती याच हिशेबाने: प्रत्येकाने सगळ्यांपुरत्या प्रती काढायच्या, मग जेली पुरेल तेवढेच सभासद.

काम झालं की एक-दोन दिवस ट्रे झाकून ठेवा. रंग तळाशी उतरतो आणि वरचा थर पुन्हा वापरता येतो. घाईने दुसरं पान घातलंत तर आधीचा मजकूर त्यातून डोकावेल.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा उद्योग करू नका. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, जेली चिकट होते आणि कागदाबरोबर तिचे लचके निघतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात ती सैल पडते. थंडीचे दिवस उत्तम. हातमोजे घाला, नाहीतर बोटं आठवडाभर जांभळी. छापलेली पानं उन्हात ठेवू नका, हा रंग उजेडात उडतो. त्या काळातले हेक्टोचे अंक आज वाचता येत नाहीत ते बरेचदा त्यामुळेच.