मुलाला पहिला मोबाइल देताना

ताई, लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलाला मोबाइल द्यावाच लागतो, तेव्हा चूक झाली की तो काढून घेण्याची धमकी आधी सोडा. नवे पालक हमखास तेच करतात आणि मग मूल खरोखर अडचणीत सापडले तरी मोबाइल जाईल या भीतीने घरी काही सांगत नाही. सुरुवातीला एवढे पुरे :

- ओटीपी, वसतिगृहाचा पत्ता आणि स्वतःची छायाचित्रे अनोळखी व्यक्तीला का द्यायची नाहीत, हे कारणासह समजावून सांगा.
- कोणी धमकावल्यास संदेश पुसू नका, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट घेऊन वर्गशिक्षकांनाही कळवा.
- ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्यास तत्काळ १९३० वर, मुलाला मदत हवी असल्यास १०९८ वर फोन करा.

मुलाच्या मोबाइलवर पालकांना नियंत्रण ठेवू देणारी अ‍ॅप्स नंतर पाहू. आमच्याकडे तर असे अ‍ॅप मुलीनेच मला शिकवले.