वाचकांचे प्रश्न : विजेच्या गाड्या आणि घरपोच माल

प्रश्न : घरपोच माल पोहोचवणाऱ्या डिझेल गाड्यांच्या जागी विजेच्या गाड्या आल्या, म्हणजे शहरी मालवाहतुकीचा पर्यावरणाशी निगडित प्रश्न सुटला असे मानावे का?

उत्तर : फार तर अर्धा सुटला असे मानावे. पार्सलची गाडी दर काही घरांपाशी थांबते आणि पुन्हा सुटते. अशा चालीत डिझेलचे इंजिन इंधन वाया घालवते, तर विजेच्या गाडीत ब्रेक लावताना गतीची काही ऊर्जा बॅटरीत परत जमा होते. म्हणूनच ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, उट्रेख्त आदी डच शहरांनी १ जानेवारी २०२५ पासून मध्यवर्ती भागात धूररहित मालवाहनांचा नियम टप्प्याटप्प्याने लागू केला, हे योग्यच झाले.

परंतु टायरच्या झिजेतून उडणारी सूक्ष्म धूळ आणि रस्त्यातच उभ्या राहिलेल्या गाडीमुळे होणारी कोंडी विजेने हटत नाही. खरी मेख फेऱ्यांच्या संख्येत आहे. काही तासांत माल देण्याची हमी दिली, की गाडी भरेपर्यंत थांबण्याची सोय उरत नाही आणि ती अर्धी रिकामीच निघते. घराला कुलूप असल्याने पार्सल परत गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याच दारापर्यंत आणखी एक खेप होते. ग्राहकाने घाई नसलेल्या वस्तूंसाठी उशिराची तारीख निवडली आणि पार्सल जवळच्या सामाईक लॉकरमध्ये ठेवून घेतले, तर यातले बरेच टळते. (त्या लॉकरपर्यंत मोटार काढून जायचे असेल, तर मात्र सारेच मुसळ केरात.)

हॅम्बुर्गमध्ये यूपीएस कंपनीने २०१२ पासून मध्यवर्ती भागात कंटेनर ठेवून तेथून मालवाहू सायकलींनी आणि पायी पार्सले वाटण्याची पद्धत सुरू केली. ती कोठेही अवलंबण्याजोगी आहे. अट एवढीच, की नगरपालिकेने कंटेनरसाठी मोक्याची जागा द्यावी, आणि बहुतेक नगरपालिका नेमक्या येथेच हात आखडता घेतात. ड्रेस्डेनमध्ये २००१ ते २०२० या काळात मोटारींचे सुटे भाग ट्रामने कारखान्यात जात असत, पण भांडार व कारखाना दोन्ही रुळांना जोडलेले असल्याने ते जमले; विखुरलेल्या घरांसाठी तो मार्ग नाही. फर्निचर किंवा सिमेंटच्या पोत्यांसारख्या अवजड मालालाही सायकल पुरणार नाही, तेथे विजेचा ट्रकच घ्यावा लागेल आणि निरनिराळ्या दुकानांचा माल एकत्र करून तो भरून पाठवावा लागेल.